चँडलरचे ट्राउट जेवेनासे झाले तेव्हा

आमच्या वसाहतीच्या मधोमध एक तळं आहे. तळं म्हणजे वाळवंटात खड्डा खणून, त्याला जाड रबराचं अस्तर लावून नळीने भरलेलं पाणी. भोवतीने चाळीस घरं आहेत आणि त्यातलं कुठलंही घर विकायला निघालं की जाहिरातीत 'लेकफ्रंट' हा शब्द असतोच. आम्ही डिसेंबरात तिथे राहायला गेलो, तेव्हा त्या पाण्यात मासे आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. जानेवारीत मी त्यांची अधिकृत अन्नदाती झाले.

ते असं झालं. फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये अशा प्रत्येक वसाहतीची एक कमिटी असते, तिला एचओए म्हणतात. तिच्या वार्षिक मीटिंगला नवे रहिवासी म्हणून आम्ही गेलो. आमच्या कमिटीच्या अध्यक्ष एक सत्तरीच्या बाई. आयुष्यभर त्यांनी कोर्टात स्टेनोग्राफरचं काम केलेलं, त्यामुळे मीटिंगमध्ये कोणी खोकलं तरी त्या लिहून घेतात. मी आपलं सहज विचारलं, "तळ्यातलं कारंजं रविवारी बंद का असतं?" बाईंनी मान वर न करता लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "नव्या सदस्येने तळ्याविषयी आस्था व्यक्त केली." तळ्याचं काम बघणारे एक म्हातारे गृहस्थ शरद ऋतूत मुलीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते आणि ती जागा रिकामी होती. चाळीस हात वर झाले. त्यात माझ्या नवऱ्याचाही होता.

दुसऱ्या दिवशी दारात खाद्याचं एक पोतं, एक प्लॅस्टिकचा मग आणि एक कार्ड येऊन पडलं. कार्डावर लिहिलं होतं: 'ट्राउट. रोज सकाळी एक मग. आभार.'

माशांचा आणि माझा तोवर काही संबंध नव्हता. नागपुरात आमच्या घरी मासा म्हणजे पंचांगातली मीन रास. नवरा रत्नागिरीचा, त्यामुळे लग्न ठरताना हा विषय निघाला आणि दोन बैठकांत मिटला. तो त्याचे मासे स्वतः आणणार, स्वतः करणार, त्याचा तवा स्वतः घासणार, आणि फ्रीजरचा खालचा खण त्याचा. इतकी वर्षं हा करार दोन्ही पक्षांनी पाळला होता.

पहिल्या दिवशी मी तळ्याच्या कडेला उभी राहून मग उपडा केला आणि दचकून मागे सरले. पाण्याला अचानक उकळी फुटल्यासारखं झालं. पाठीवर ठिपके आणि कुशीला फिकट गुलाबी पट्टा असलेले हातभर लांब मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. मिनिटभरात दाणा उरला नाही. आणि मग सगळं पाणी परत असं शांत, की इथे काही घडलंच नव्हतं.

मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे. माझं काम म्हणजे ॲसिडच्या टाक्यांचं तापमान अर्ध्या डिग्रीच्या आत ठेवणं. ते नीट झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तर सगळ्यांच्या लक्षात येतं. त्यामुळे माझ्या हातून काही घडतं आणि त्याने कुणाला तरी इतका आनंद होतो, हा अनुभव मला नवा होता. मी सकाळी दहा मिनिटं लवकर उठू लागले. त्यातल्या एकाची शेपटी फाटलेली होती. तो नेहमी उशिरा यायचा, म्हणून शेवटची मूठ मी त्याच्यासाठी मागे ठेवायचे. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सोमवारी अर्धे दाणे तरंगत राहिले. बुधवारी बहुतेक सगळेच. शुक्रवारी मी मग उपडा केला आणि एकही मासा वर आला नाही. दाणे हळूहळू वाऱ्याने कडेला लागले आणि बदकांनी येऊन खाल्ले.

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची. मी वही केली. एक दिवस दाणे भिजवून टाकले. एक दिवस समोरच्या काठावरून टाकले. एक दिवस अर्धा तास उशिरा. मग लक्षात आलं, की त्याच आठवड्यात मी नवं केशरी जॅकेट घालायला सुरुवात केली होती. म्हणून एक दिवस जुनं निळं घालून गेले, नेहमीसारखी चालले, नेहमीच्या जागी उभी राहिले. खिडकीतून नवरा बघत होता. घरात आल्यावर माझीच भाषा मला ऐकवत म्हणाला, "माशांसाठी कपडे बदलून राहिली का तू?"

"एक एक शक्यता काढून टाकतेय."

"काय खाल्लं त्यांनी?"

"काही नाही."

"मग जॅकेटची शक्यता गेली. आता घाल ते केशरी."

पुढच्या शनिवारी सासरे रत्नागिरीहून आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्यात थांबल्या होत्या. सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले. मोजकं बोलणारे, पण जे बोलतील ते शेवटचं. बॅगा आत ठेवून ते थेट तळ्यापाशी गेले. पाठीमागे हात बांधून बराच वेळ पाण्यात बघत उभे राहिले.

"खायचे की बघायचे?" त्यांनी विचारलं.

"बघायचे, बाबा."

"बघायचे?" त्यांनी परत विचारलं. मी मान हलवली.  त्यांनी परत एकदा पाण्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

मासे जेवत नाहीत हे मी कमिटीला ईमेलने कळवलं. मला वाटलं होतं एखादा सल्ला येईल. तातडीची मीटिंग लागली. सव्वीस माणसं आली, म्हणजे रस्ते दुरुस्तीच्या मीटिंगपेक्षा एकवीस जास्त. प्रत्येकाकडे कारण तयार होतं. एकांना खात्री होती, की हे बगळ्यामुळे. एक मोठा करडा बगळा हल्ली काठावर उभा असतो, त्याने मासे घाबरलेत. एकांच्या मते पानं उडवायच्या ब्लोअरचा आवाज. एक बाई म्हणाल्या, की ते जुन्या गृहस्थांच्या आठवणीने खंगलेत. शेवटी आमच्या पलीकडच्या घरात राहणारे निवृत्त डेंटिस्ट उठले. उंच, किडकिडीत, आणि अत्यंत गंभीर.

"कोणी त्यांचं तोंड बघितलं का?" ते म्हणाले.

सगळे गप्प.

"पेशंट जेवत नाही म्हटल्यावर मी आधी तोंड बघतो. ट्राउटला दात असतात."

मीटिंगचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी ईमेलने आलं. सोळा पानं. त्यात ही शांतताही होती: 'चार सेकंद कोणी बोलले नाही.' ठराव तीन झाले. ब्लोअर एक आठवडा बंद. बगळ्यासाठी प्लॅस्टिकचा कोल्हा. आणि दंततपासणी.

ब्लोअर बंद झाल्यामुळे बागेचं काम करणारी माणसं आठवडाभर झाडू घेऊन फिरत होती. त्यांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग आता मासे झोपलेत का?" कोल्हा काठावर बसवला. पहिल्या दिवशी बगळा लांबून बघत होता. दुसऱ्या दिवशी जवळ आला. तिसऱ्या दिवसापासून तो कोल्ह्याच्या डोक्यावर बसू लागला. तिथून त्याला पाणी जास्त चांगलं दिसत असावं.

दंततपासणी रविवारी झाली. डेंटिस्टांनी स्विमिंग पूल साफ करायची लांब दांड्याची जाळी आणली, डोक्यावर त्यांचा जुना दिवा बांधला आणि खिशातून तोंडात घालायचा छोटा आरसा काढला. जाळी मारायला सासरे पुढे झाले. मला वाटलं होतं, त्यांना हे सगळं वेडेपणाचं वाटेल. पण ते पॅन्ट दुमडून पाण्यात उतरले आणि दोन प्रयत्नांत एक मासा उचलला. आश्चर्य म्हणजे तो फारसा तडफडलाही नाही. डेंटिस्टांनी ओल्या टॉवेलमध्ये त्याचं डोकं अलगद धरलं, आरसा घातला, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. अर्ध्या मिनिटात सोडून दिला.

"उत्तम दात," ते म्हणाले. ते जरा निराश वाटले.

सासऱ्यांना इंग्रजी कळत होतं, पण बोलायला ते कंटाळायचे. मला म्हणाले, "त्यांना सांग, दातांचं दुखणं नाही. तोंडाला चव नाही. आजारी माणसासारखं."

त्या संध्याकाळी त्यांनी लसणीचे दोन गड्डे सोलले, खलबत्त्यात ठेचले, त्यात माशांचे दाणे घातले आणि वर जरा तेल. नवरा म्हणाला, "बाबा, आम्हाला ताप आला की तुम्ही नुसता मऊ भात द्यायचात." सासरे म्हणाले, "तुम्ही तोही खायचा नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माशांनी खाल्लं. तीनच, पण खाल्लं. मी कारखान्यात जाता जाता कमिटीला कळवलं. दुपारपर्यंत एकोणतीस उत्तरं आली होती. एकाने तर विचारलं, की लसूण कुठल्या दुकानातली. पुढचे चार दिवस सासरे रोज लसूण ठेचत होते. आमच्या घराला, माझ्या जॅकेटला, माझ्या गाडीला लसणीचा वास यायचा. तिसऱ्या दिवशी दोन मासे आले. चौथ्या दिवशी एक. पाचव्या दिवशी लसणीचे दाणे बदकांनी खाल्ले आणि नंतर तळ्याकाठी फिरायला गेलेल्या लोकांनी बदकांच्या वासाची तक्रार केली.

त्याच आठवड्यात कामावर एका टाकीचं तापमान दोन डिग्रीने वाढलं आणि अलार्म वाजला. मी धावत गेले, व्हॉल्व्ह बघितला, दुरुस्त केलं. परत जागेवर येऊन बसले आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी कॉफी घ्यायच्या निमित्ताने उठून गेले. दोन आठवडे मी जॅकेटचा रंग लिहून ठेवत होते. ज्या एका गोष्टीसाठी मला पगार मिळतो, ती मी मोजलीच नव्हती.

घरी आल्याबरोबर पोळीभाजीच्या आधी स्वयंपाकघरातलं थर्मामीटर काढलं. डेंटिस्टांनी दिलेल्या, दातांच्या फटी साफ करायच्या फ्लॉसच्या दोऱ्याला बांधून तळ्यात सोडलं. एक्काहत्तर फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास बावीस सेल्सिअस. मग बसून वाचलं. ट्राउट हा बर्फ वितळून झालेल्या डोंगरातल्या झऱ्यांचा मासा. साठच्या आसपास तो खूश असतो. अडुसष्ट-सत्तरच्या पुढे जेवण सोडतो. सत्त्याहत्तरच्या आसपास मरतो.

बाहेर मार्च संपत आला होता. दुपारी रस्ता तापून मऊ लागायला सुरुवात झाली होती. आणि मी नागपूरची. मे महिन्यात आमच्याकडे कोणाला जेवण जात नाही, सगळे नुसतं ताक पिऊन पडून राहतात, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण इथले मासे इथल्या हवेला सरावलेलेच असणार, असं मी धरून चालले होते. आम्ही सगळेच तसं धरून चालतो.

मी पुढच्या मीटिंगमध्ये सगळं समजावून सांगितलं. हेही सांगितलं, की एवढ्या पाण्याचं तापमान पाच डिग्री खाली आणायला जितका बर्फ लागेल तितका आणणं शक्य नाही. मी गणित करून नेलं होतं. गणित ऐकून घेतल्यावर ठराव झाला, की येत्या शनिवारी सकाळी प्रत्येक घराने बर्फ आणावा.

तो शनिवार मी विसरणार नाही. नऊ वाजता लोक कूलर, बादल्या, बाळाची गाडी, बागेतली ढकलगाडी, जे मिळेल त्यात बर्फ घेऊन आले. पेट्रोल पंपावरच्या पिशव्या, फ्रीजमधले चौकोनी तुकडे, एकांनी तर हृदयाच्या आकाराचे. अध्यक्ष बाई खुर्ची टाकून प्रत्येक घराची नोंद करत होत्या. "एक, दोन, तीन" झालं आणि सगळ्यांनी एकदम टाकला. तळ्याचा एक कोपरा पांढरा दिसू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थर्मामीटर सोडलं.

"किती होतं?" बाईंनी विचारलं.

"त्र्याहत्तर."

"आता?"

"त्र्याहत्तर."

त्यांनी दोन्ही आकडे लिहिले.

पण सासरे त्या कोपऱ्यात वाकून बघत होते. त्यांनी हाताने खूण केली. छोट्या लाकडी पुलाच्या सावलीत, बर्फाच्या अगदी खाली, मासे गोळा झाले होते. वीस-पंचवीस तरी. एकमेकांना चिकटून, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. फाटक्या शेपटीचा त्यात होता. सासऱ्यांनी चिमूटभर दाणे टाकले आणि ते खाल्ले गेले. ते घाबरतील म्हणून कोणी ओरडलं नाही. सव्वीस-सत्तावीस माणसं पुलापाशी श्वास रोखून उभी होती. वीस मिनिटांत बर्फ वितळला आणि मासे पांगले.

त्यानंतर आम्ही सगळं तळं थंड करायचा नाद सोडला आणि एक कोपरा धरला. प्रत्येक घराने दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पाण्याने भरून गोठवायचे आणि पाळीपाळीने दोरीला बांधून पुलाखाली सोडायचे. दोन तासांनी काढायचे, दुसरे सोडायचे. तक्ता झाला. आमच्याकडे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. त्यासाठी फ्रीजरमध्ये जागा हवी. वरच्या खणातले मटार, ओलं खोबरं, पुरणाचे गोळे मी काढले, तरी दोनच कॅन मावत होते.

नवऱ्याने खालचा खण उघडला आणि बराच वेळ बघत राहिला. त्यात सुरमई होती, पापलेट होतं, आणि फिनिक्सच्या एका दुकानात वर्षातून एकदा मिळणाऱ्या तारल्या.

"हे सगळं आधी संपवावं लागेल," तो म्हणाला.

पाच दिवस बापलेक रोज दोन्ही वेळा मासे खात होते. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, की त्याला वरण-भात हवाय. सासरे त्याला म्हणाले, "ट्राउटचा विचार कर." मी तिकडे बघायचं टाळलं. तळ्यातले मासे जगावेत म्हणून आमच्या घरी तव्यावर समुद्रातले मासे तळले जात होते आणि त्यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही. मला फक्त जागेचं बरं वाटत होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाणी पंचाहत्तरवर गेलं. मी घाबरले. खाद्याच्या पोत्यावर माशांच्या फार्मचा फोन नंबर होता, उत्तरेकडे डोंगरात कुठेतरी. दुपारच्या सुटीत गाडीत बसून फोन लावला. एका माणसाने उचलला. मागे पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मी सगळी हकिकत सांगितली. जॅकेट वगळून.

 तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही चँडलरहून बोलताय?"

"हो."

"आणि ते अजून तळ्यात आहेत?"

"हो, म्हणूनच तर..."

"एप्रिलमध्ये?"

"हो."

"ते पकडून खायचे असतात," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "आम्ही नोव्हेंबरात सोडतो. लोक हिवाळाभर गळ टाकून पकडतात. मार्चपर्यंत तळं रिकामं होतं. मग उन्हाळा येतो. तुम्ही कोणी पकडत नाही?"

"आम्ही भरवतो," मी म्हणाले.

 त्याने विचारलं, "हल्लीसुद्धा?"

"लसूण लावून."

"ते बंद करा. गरम पाण्यात आधीच त्यांना श्वास पुरत नाही, त्यात अन्न पचवायचं म्हणजे आणखी ओढ. न खाणं हे एकच शहाणपण ते करताहेत, आणि तुम्ही त्यांना त्यापासून परावृत्त करताय."

मी विचारलं, की त्यांना गाडीतून डोंगरात नेऊन एखाद्या झऱ्यात सोडता येईल का. तो म्हणाला, राज्याच्या परवानगीशिवाय जिवंत मासे एका पाण्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हा आहे, परवानगी मिळणार नाही, आणि मिळेपर्यंत ते राहणार नाहीत. आठवडाभरात एकतर तुम्ही त्यांना बाहेर काढा, नाहीतर ते स्वतःच वर तरंगतील. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं गाडीतच बसून होते. मला रडू आलं नाही. आपण एखाद्याला महिनाभर मनापासून त्रास देत होतो आणि त्यालाच माया म्हणत होतो, हे कळल्यावर जे होतं ते झालं. त्याला शब्द नाही माझ्याकडे.

संध्याकाळी अध्यक्ष बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून जुन्या इतिवृत्तांची फाइल काढली आणि बोटाने ओळी शोधत बसल्या. तीन वर्षांपूर्वीचं पान सापडलं. त्यांच्याच हातचं. 'तळ्यातील ट्राउट वसंतापूर्वी काढून घेण्याची जबाबदारी तळे-प्रमुखांची.' मग त्यांनी चष्मा काढला.

"दरवर्षी ईस्टरच्या आधी ते जुने गृहस्थ आम्हाला सगळ्यांना अंगणात जेवायला बोलवायचे," त्या म्हणाल्या. "मासे ग्रिल करायचे. आम्ही विचारायचो, इतके ताजे कुठून आणता? तर ते हसायचे."

"मग तुम्हाला कधी वाटलं नाही..."

"मला वाटलं, दुकानातून."

त्या रात्रीच्या जेवणाआधीच सगळ्या वसाहतीला कळलं, की आपण ज्यांच्यासाठी बर्फ गोठवतोय त्यांची तीन वर्षं मेजवानी झोडत होतो. मीटिंगमध्ये पहिल्यांदाच कोणी भांडलं नाही. जुन्या गृहस्थांच्या आठवणीने मासे खंगलेत म्हणणाऱ्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. आपले आपणच मरू द्यावेत, असं दोघांचं म्हणणं पडलं. मग डेंटिस्ट उठून म्हणाले, की श्वास कोंडून मरण्यापेक्षा हे बरं. मतदान झालं. मी हात वर केला तेव्हा तो माझा वाटत नव्हता.

शनिवारी नऊ वाजता जवळपास वीस जण गळ घेऊन काठावर उभे राहिले. बारा वाजेपर्यंत एकही मासा लागला नाही. लागणार कसा? गळ टाकून पकडायचा तर माशाने आधी खायला हवं, आणि खायचं तर त्यांनी महिन्यापूर्वीच सोडलं होतं. लोक उन्हात उभे राहून आमिषं बदलत होते. माझी वही कोणीतरी मागितली. मक्याचे दाणे, गांडुळं, चीज. सगळ्या नोंदींपुढे एकच उत्तर: काही नाही.

सासरे सावलीत बसून हे बघत होते. उठले आणि माझ्याजवळ आले.

"उद्या उजाडताना," ते म्हणाले. "थंड कोपऱ्यात. बर्फाचे जेवढे कॅन असतील तेवढे सगळे आणायला सांग. आणि लसूण मीच ठेचतो."

रविवारी उजाडताना चाळीसच्या चाळीस घरांचे कॅन पुलाखाली सोडले. अर्ध्या तासात मासे तिथे आले. बर्फाला टेकून उभे राहिले. सासऱ्यांनी दाणे आणि लसणीची कणीक मळावी तशी गोळी करून गळाला लावली. दोन मिनिटांत पहिला लागला. मग सगळ्यांनाच लागू लागले. आम्ही त्यांना वाचवण्यासाठी जे जे शोधून काढलं होतं, ते सगळं त्यांना पकडायला उपयोगी पडलं. एक प्लॅस्टिकचा कोल्हा सोडून.

मी पकडत नव्हते. थर्मामीटर धरून उभी होते, ज्याची आता कोणालाही गरज नव्हती. फाटक्या शेपटीचा डेंटिस्टांच्या गळाला लागला. त्यांना माहीत नव्हतं. मी ओळखलं. सासऱ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डेंटिस्टांच्या हातून तो घेतला. एका झटक्यात, माझ्याकडे पाठ करून, काम संपवलं. दुसऱ्या कोणाला ते इतक्या लवकर जमलं नसतं. त्या दिवशी मला कळलं, की या माणसाला मासे खूप आवडतात म्हणजे नक्की काय.

एकसष्ट निघाले. त्यासाठी दोन दिवस उजाडताना जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात तवे लागले. सासऱ्यांनी हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून शंभरेक तुकड्या तळल्या. लोक रांगेत उभे होते. अध्यक्ष बाईंनी तीनदा घेतलं. सासऱ्यांनी स्वतः एक तुकडी खाल्ली, विचार केला, आणि निकाल दिला, "गोड्या पाण्याचा आहे. चवीला सौम्य. पण मांस घट्ट आहे. लसणीने वाईट झालं नाही."

नवऱ्याने हळूच मला विचारलं, "बघणार का एक घास?"

मी नाही म्हणाले. पण ताट भरून वाढायला उभी राहिले, आणि प्रत्येकाला "आणखी एक घ्या ना" म्हणत होते. ते का, हे मला अजून समजलेलं नाही. आपल्याकडे पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणत असेन.

मे महिन्यात मी तळे-प्रमुखपदाचा राजीनामा दिला. तो एकमताने नामंजूर झाला. ऑगस्टमध्ये पाणी नव्वदला पोचलं. बदकंसुद्धा पाण्यात उतरत नव्हती. मी सवयीने मोजत राहिले.

नोव्हेंबरात ट्रक आला. माणूस फोनवरचाच होता, आवाजावरून मी ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असावं, कारण नळी लावता लावता त्याने विचारलं, "या वर्षी काय बेत?" मी सांगितलं, की मार्चच्या पहिल्या शनिवारी गळ टाकायचे, ठराव झालाय, तारखेसकट. तो म्हणाला, चांगलं. मग झाकण उघडलं आणि दीडशे मासे एका दमात आमच्या तळ्यात उतरले, थंड पाण्यासकट.

हल्ली मी रोज सकाळी एक मग टाकते आणि मग रिकामा झाला की लगेच वळते. कोण लवकर येतं, कोण उशिरा, ते बघत नाही. सासऱ्यांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट काढलंय. या खेपेला सासूबाईही येताहेत. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, की तिथे ओला नारळ मिळतो ना, की इथूनच खवून आणू.